सरळ खांद्याचं जाकीट

वस्तीतल्या सकाळी चालणाऱ्यांच्या मंडळाला मास्तर 'माझं मंडळ' म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पस्तीस वर्षं शिलाई मशीनवर बसून साखर वाढली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, एकट्याला कंटाळा यायला लागला, म्हणून त्यांनी आपली गिऱ्हाइकंच धरली. पँटचं माप घेता घेता सांगायचे, "कंबर पुन्हा दीड इंच वाढलीय. उद्या सहाला पाण्याच्या टाकीखाली या." माणसं लाजेखातर आली आणि टिकली. चार वर्षांत चोवीस झाली.

नियमही मास्तरांचेच. पुढे मास्तर, गळ्यात शिट्टी. सगळ्यात शेवटी चालणाऱ्याच्या अंगात नारिंगी जाकीट. प्रत्येक वळणावर पुढच्यानं थांबायचं, जाकीट दिसेपर्यंत हलायचं नाही. शेवटची जागा मात्र कोणालाच नको असायची. त्यासाठी चिठ्ठ्या टाकाव्या लागत.

मग टपाल आला. तो निवृत्त पोस्टमन. त्याचं खरं नाव कोणी कधी विचारलं नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यानं जाकीट मागून घेतलं. म्हणाला, "मला शेवटीच बरं. जन्मभर दारादारात थांबत चाललो, भरभर चालायची सवयच नाही."

महिन्याभरात मंडळाचं तोंड फिरलं. आधी बेकरीवाल्या बाई मागे पडल्या, मग दातांचे डॉक्टर, मग एकेक करत सगळेच. कोणाचा मुलगा कुठे नोकरीला, कोणाची सून कशी, हे सगळं टपालला ठाऊक. मास्तर वळणावर थांबले की पहिली दोन मिनिटं नुसता रिकामा रस्ता दिसायचा. मग लांबून हसण्याचा आवाज यायचा. शिट्टी वाजवायची तरी कोणासाठी?

एवढंही मास्तरांनी गिळलं असतं. पण त्या घोळक्यात त्यांची बायको होती.

पहिल्या वर्षी तीही यायची. गुडघ्यामुळे मागे राहायची, तेव्हा एकदा मास्तर चारचौघांत म्हणाले होते, "तू घरातच फेऱ्या मार. तुझ्यापायी सगळे खोळंबतात." ती घरी बसली ती तीन वर्षं. दुकानात त्यांच्या शेजारीच बसून काज-बटणं, हातशिलाई करायची, पण चालण्याचं नाव काढायची नाही. एक दिवस टपाल बाही आखूड करायला आला आणि जाता जाता म्हणाला, "वहिनी, उद्या या की माझ्यासोबत. शेवटी चालणाऱ्याला उशीर होत नसतो." दुसऱ्या दिवशी ती मास्तरांच्या आधी बूट घालून तयार.

आणि ती हसायची. लांबून चोवीस आवाजांत मास्तरांना तो एक आवाज ओळखू यायचा. घरी ती शेवटची कधी हसली होती ते त्यांना आठवेना, आणि आठवेना म्हणून जास्तच जळायला लागलं. गिऱ्हाइकाशी बोलताना हा टपाल्या, मशीनवर हा टपाल्या, ताटावर बसलं की हा टपाल्या. काय बोलत असतील दोघं?

त्यातच जुनं जाकीट फाटलं. "मास्तर, टपालकाकांच्या मापाचंच शिवा आता," दातांचे डॉक्टर म्हणाले. म्हणजे चिठ्ठ्या कायमच्या गेल्या, आणि शिवायचं कोणी, तर मास्तरांनीच. त्यांनी मान डोलावली. पोटात दुखत असताना मान डोलावणं त्यांना चांगलं जमायचं.

मास्तर टेप क्वचितच लावत. माणूस दुकानात शिरला की माप डोळ्यांत बसायचं. टपालचा उजवा खांदा चांगला इंचभर उतरलेला, हे त्यांनी पहिल्या दिवशीच पाहिलं होतं. अशा अंगाला कापड कसं बेतायचं, यावर तर त्यांचं नाव होतं. अंगाचा दोष कापडात जिरवायचा आणि तोंडातून काढायचा नाही, ही त्यांची रीत. दातांच्या डॉक्टरांचा डावा पाय अर्धा इंच आखूड आहे, हे जगात तिघांनाच माहीत होतं.

या वेळी मास्तरांनी खडू उचलला आणि दोन्ही खांदे सारखे आखले. अगदी सरळ. बरं वाटलं. बायकोनं पाठीवर चमकती पट्टी शिवली, जाकीट उभं धरून पाहिलं, मग मास्तरांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी टाकीखाली टपालनं जाकीट चढवलं. उजवीकडून ते ओघळलं, पाठीवरची पट्टी तिरकी झाली. माणसं हसली. पण मास्तरांनी मनात धरलं होतं तसं ती टपालला हसली नाहीत.

"मास्तर, वय झालं हो तुमचं," बेकरीवाल्या बाई म्हणाल्या. "चष्म्याचा नंबर तपासा."

"मास्तरांची नाही, माझीच चूक," टपाल म्हणाला. "चाळीस वर्षं एकाच खांद्यावर पिशवी अडकवली. सांगायला हवं होतं मी." त्यानं खांदा उडवून दाखवला, आणि सगळ्यांना तो आणखीच आवडला. मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. ते शिट्टी न वाजवताच चालायला लागले.

दुकान उघडल्यावर बायकोनं जाकीट त्यांच्यासमोर टाकलं. तिनं ते टपालकडून मागून आणलं होतं.

"तुम्हाला त्याचा खांदा दिसला नाही, असं मला सांगू नका."

मास्तर सुईत दोरा ओवत राहिले. ओवला जाईना.

"लोकांना वाटलं नजर गेली तुमची. मी गप्प बसले. पण मला तुमची लाज वाटली."

"काय बोलता गं तुम्ही मागे?" मास्तरांच्या तोंडून निघूनच गेलं. "रोज एवढं हसायला काय असतं?"

"तो विचारतो, वहिनी, गुडघा कसा आहे. मी म्हणते, बरा आहे. मग चार इकडच्या तिकडच्या गोष्टी. हसायला फार काही लागत नाही हो. कोणीतरी विचारलेलं पुरतं."

दुपारभर मास्तर जाकीट उसवत बसले. उजवा खांदा उतरवला, पट्टी काढून नव्यानं बसवली, आणि हे सगळं करताना त्यांचं जळणं जराही कमी झालं नाही. टपाल्यावरचं तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या वळणावर ते थांबले. रिकामा रस्ता, मग घोळका, मग जाकीट. पट्टी सरळ दिसत होती. शेजारी ती. मास्तरांनी शिट्टी खिशात टाकली आणि स्वतःचाच नियम मोडून मागे घोळक्याकडे चालत गेले. टपालनं त्यांना येताना पाहिलं आणि बुटाची नाडी बांधायला वाकला. नाडी बांधलेलीच होती.

"गुडघा कसा आहे?" मास्तरांनी विचारलं. आवाज उगीचच मोठा आला.

बरा आहे म्हणेल, हसेल, असं त्यांना वाटलं होतं. ती हसली नाही. ती थांबली.

"दुखतोय," ती म्हणाली. "तीन वर्षं झाली. रोज दुखतोय."

आणि तिनं आपला सगळा भार त्यांच्या दंडावर टाकला.