झिंग्यांची कुरडई

ओसरीवर चिमटा ठण्णकन पडला, आणि सकाळपासून मुकं झालेलं घर दचकलं. चिमटा धुरपदाबाईंचा होता. ओसरीवर त्यांनी आपली वेगळी चूल मांडली होती.

बलभीमनं गावच्या मच्छी सोसायटीचं मासळीच्या भुग्याचं पोतं घरी आणलं, त्या दिवसापासून त्याच्या माळकरी आईनं सुनेच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात गावानं खडी फोडून तलाव बांधला. आता त्याच्याच कडेच्या तळ्यात सोसायटीनं झिंगे सोडले होते. झिंग्यांचं बी, म्हणजे पिल्लं, देणाऱ्यांनी बजावलं होतं, ह्यांना मासळीच लागते. उपाशी ठेवलं तर एकमेकांना खातात.

आत सून कमल भाकरी थापायची आणि बाहेर म्हातारी धुरात डोळे पुसायची. एक दिवस कमल ओसरीवर आली.

"आत्याबाई, सोऱ्या द्या की जरा."

"ह्या दिवसांत कुरडया?"

"झिंग्यांला."

"माझ्या सोऱ्यात मासळी? त्यापरीस मलाच लोट तळ्यात!"

"मासळी न्हाय हो. करडईची पेंड हाय, आपली म्हैस खाती तीच."

म्हातारीनं पेंड हुंगली. सोऱ्या दिला, पण फुगलेलं तोंड काही उतरलं नाही.

कमलनं पेंड भिजवून शेवया पाडल्या, वाळवल्या, परातीतल्या पाण्यात टाकून पाहिल्या. बघता बघता सगळ्या विरघळल्या.

बलभीम हसला. "झिंग्यांला वरण पाजतीस व्हय?"

कमलनं पदर डोळ्याला लावला. तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला, "चिकाबिगर कुरडई धरती का गं? आईनं काय शिकवलं तुला?" आणि रेशनचे गहू म्हातारीनं स्वतःच भिजत घातले.

गहू आंबल्यावर कमलनं चीक काढून शिजवला, त्यात पेंड मळली. ह्या खेपेला कुरडई पाण्यात दुपारभर टिकली. बलभीमनं ती टोपलीत घालून तळ्यात सोडली. सकाळी टोपली रिकामी निघाली. तरी कमलचा विश्वास बसेना. ती रोज टोपली बघायला जायची. झिंगे जरा हळू वाढत होते, पण वाढत होते. एकमेकांच्या अंगावरही जात नव्हते.

मग बलभीमनं पोतं उचलून सोसायटीत परत टाकलं. धुरपदाबाईंनी घर सारवायला लावलं, आणि त्या दुपारी आत येऊन पाटावर बसल्या. कमलनं वाढलेली भाकरी त्यांनी मोडली. कमल तव्याकडेच बघत राहिली. वर बघितलं असतं तर रडू फुटलं असतं.

"आजी, झिंगे आता मासळी खात न्हाईत?" शेजारी बसलेल्या नातीनं, जाईनं विचारलं.

"न्हाय बाळा. समदे माळकरी झाले," म्हातारी कितीतरी दिवसांनी हसली.

जाईचा बाप बलभीम कालच सांगत होता, झिंगे मोठे झाले की सोलापूरच्या बाजारात न्यायचे. तिनं आजीच्या गळ्यातल्या माळेकडं पाहिलं, मग आईकडं.

"आई, मग हे माळकरी झिंगे लोकांला खायला इकायचे व्हय गं?"