कॅमेऱ्यामागचा आवाज

नवरा दार लोटून बसायला लागला की बायकोने कान टवकारावेत. आमच्या ह्यांनी तर दार लोटून वर कानांवर हेडफोन चढवले होते. मी चहा घेऊन आत गेले की पडद्यावरचं काहीतरी झटकन बंद व्हायचं आणि चेहरा एकदम साळसूद.

म्हणे, घरच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटींवरून एक डिस्क करायची होती. लेक नातीला घेऊन राहायला येणार होती, तिला दाखवायला. "नुसतं जोडकाम आहे गं," हे म्हणायचे. जोडकामाला एवढी लपवाछपवी कशाला?

माझा जीव त्या कॅसेटींत अडकला होता, कारण माझा आवाज आता फक्त त्यांच्यातच उरला होता. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून मी नुसती कुजबुजते. कुणाला हाक मारायची तर पेल्यावर चमचा वाजवते. त्याआधी घरातलं प्रत्येक माणूस मला म्हणायचं, "किती ओरडतेस गं!" कॅमेरा कायम माझ्याच हातात असायचा, त्यामुळे चित्रात मी औषधालाही नाही. पण माईक माझ्या तोंडाशी, म्हणून सगळ्यांत मोठा आवाज माझाच. नातीने तो कधीच ऐकला नव्हता. तिच्या लेखी आजी म्हणजे पेल्यावरचा चमचा.

एकदा हे फोनवर लेकीला सांगत होते, "आईचं सगळं काढून वेगळं ठेवलंय. तिला मात्र सांगू नकोस हं." तेवढ्यात मी दिसले. लगेच, "बाकी काय, हवा छान आहे इकडे!" बाहेर नुसती धूळ उडत होती. माझ्या मनात जी पाल चुकचुकली ती काही केल्या गप्प बसेना.

हे केस कापायला गेले तशी मी कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले. लेकीची सायकल शिकण्याची फिल्म सापडली. 'ब्रेक दाब, ब्रेक!' असं मी बोंबलले होते, ते मला स्वच्छ आठवत होतं. लेक कुंपणाकडे निघाली. मी श्वास रोखला. आणि ऐकू आली बासरी! लेक पडली, उठली, कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "दाबला होता!" कुणाला म्हणाली? तिथे कुणी नव्हतंच.

दुसरी फिल्म लावली, तिसरी लावली. सगळीकडे तेच. हे झाडाला पाणी घालता घालता मान वर करून "हो हो, आलो" म्हणतायत, सासूबाई "मला नको गं घेऊस" म्हणून पदर सावरतायत, आणि समोर कुणीच नाही. चित्रात तर मी नव्हतेच, आता आवाजातूनही गेले. मला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा जास्त राग आला.

जेवताना मी गप्प होते, पण माझं गप्प बसणं हल्ली कुणाला कळतही नाही. जेवण उरकून हे पुन्हा आत गेले आणि हेडफोन चढवले. मी मागोमाग. आज पडदा बंद करायला ह्यांना वेळच दिला नाही. हेडफोनची वायर धरली आणि हिसडली.

खोलीभर एक बाई ओरडली, "अरे, हला की जरा! पुतळे झालात का? फोटो नाहीये हा!"

मीच होते ती. सहलीला सगळे कॅमेऱ्यासमोर रांगेत ताठ उभे राहिले होते, तेव्हाची.

पडद्यावर त्याच सहलीचं चित्र होतं आणि त्यावर बटणं. डिस्क घातली की आधी हे पान येतं, कुठली फिल्म बघायची ते निवडायला. हे त्याला मेनू म्हणतात. कुणी बटण दाबलं नाही की थोड्या वेळाने मी ओरडायचं, पुन्हा थांबायचं, पुन्हा ओरडायचं.

"सगळा नास केलास," हे हिरमुसून म्हणाले. "तुला सगळ्यांसमोर ऐकवणार होतो."

"आणि फिल्ममधलं माझं बोलणं?" मी कुजबुजले.

"खरखर फार होती त्यात. ती साफ करायला तुझा आवाज वेगळा काढलाय. साफ झाला की परत आपल्या जागी बसवणार. तोवर मोकळं वाटू नये म्हणून बासरी. फक्त परत घालताना जरासा कमी करू का? माझ्या आईचं काही ऐकूच येत नाही गं."

"अजिबात नाही!"

हे हसले. मी हसले नाही. इतके दिवस मला जाळलं होतं, त्याची भरपाई एका हसण्याने कशी होणार?

लेक आली. डिस्क घातली. नातीने रिमोट पटकावला आणि कुठलं बटण दाबावं या विचारात टीव्हीसमोर खांबासारखी उभी राहिली.

"अरे, हला की जरा! पुतळे झालात का? फोटो नाहीये हा!"

पोरगी दचकून उडाली. "कोण आहे?"

"तुझी आजी," लेक म्हणाली.

नातीने टीव्हीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रिमोट पाठीमागे लपवला, हातपाय ताठ केले आणि बटण न दाबता मुद्दाम तशीच उभी राहिली. आवाज पुन्हा आला तेव्हा ती खिदळत येऊन माझ्या मांडीवर आदळली.

"आजी," ती म्हणाली, "किती ओरडतेस गं!"