खाऱ्या माशांची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. आज मला वाद्य म्हणतात, पण क्युबातल्या मातान्सास बंदरात मी उतरले ती पोटात खारवलेले मासे घेऊन. मासे विकले गेले आणि मला भंगारात टाकले. गोदीत राबणाऱ्या सेनोबिओने मला घरी नेले. त्याने माझ्या फळ्या तासल्या, सैल खिळे उपटले, सांधे सरसाने घट्ट केले आणि माझ्यावर बसून थाप दिली. माझ्या पोटातून एवढा खोल आवाज निघाला की मीच दचकले!

मग त्याच्या चाळीच्या अंगणात रविवारी रुंबा हा नाचगाण्याचा फड रंगू लागला. सेनोबिओ वाजवी, त्याची बायको दोमितिला नाचे. यांबू हा संथ नाच तिच्या विशेष आवडीचा. त्यात तरुणसुद्धा म्हातारे झाल्यासारखे, कंबर धरून नाचतात. "पेटी बोलते हो!" असे लोक म्हणत.

पुढे कातड्याचे ढोल आले आणि माझ्यात कोळसा भरला गेला. सेनोबिओ वारला. दोमितिलाने आधी नाच सोडला, मग आजारपणात चालणेही. बरी झाली तरी ती खुर्चीतून उठेना. "पाय धड आहेत," डॉक्टर म्हणाले, "पण आता वापरले नाहीत तर कायमचे जातील."

तिच्या वाढदिवशी अंगणात लोक जमले, पण दमट हवेने ढोलांची कातडी सैल पडली. सेनोबिओचा भाचा एवेलिओ याने कोळसा ओतून मला बाहेर काढले आणि तडातडा बडवले.

"अरे मेल्या, पोलीस लागलेत का मागे?" दोमितिला ओरडली. "याला यांबू म्हणतात?"

"मग तुम्ही दाखवा की, मामी!"

"सावकाश वाजव. तुझा मामा घाई करत नसे, म्हणून तर मी त्याला पसंत केलं." अंगण हसले. "आणि थोडी जागा सोड रे! सगळं तूच भरून टाकलंस, तर नाचणाऱ्यानं पाय कुठे टाकायचा?"

एवेलिओचा हात मंदावला. दोन थापांमध्ये त्याने शांतता ठेवली. त्या शांततेत एक पाऊल पडले. जमिनीतून ते मला कळले. पुन्हा पडले. दोमितिला उभी होती! भोवती यांबू नाचणारी पोरे म्हातारपणाचे सोंग विसरून बघत राहिली. ती थरथरत होती, पण तिचा ताल चुकत नव्हता.

मी साधे लाकूड. हे बळ कुठून आले, मला ठाऊक नाही. मित्रांनो, मला पुसून कपाटात ठेवू नका. माझ्यावर बसा, मला वाजवा आणि मध्ये थोडी जागा सोडा. तिथे कोण उठून उभे राहील, सांगता येत नाही.