साईनं कबूल केलेल्या करंज्या

साई गेल्यानंतरची पहिलीच दिवाळी, आणि आई करंज्यांसाठी मैदा भिजवत होती. अजून वर्षश्राद्ध व्हायचं होतं. आमच्या वारज्यात अशा घरात तळण काढत नाहीत, फराळ भावकीतून येतो. तो डबा घेऊन सुंदराकाकू आल्या आणि परातीकडे बघतच राहिल्या. लोक नावं ठेवतील, म्हणाल्या.

"साईनं कबूल केलंय," आई म्हणाली.

श्रावणात बायपासवर ट्रकनं साईची, माझ्या धाकट्या भावाची, मोटारसायकल उडवली, तेव्हापासून आई नुसती स्वतःला कामाला जुंपून घेत होती. तो अजून हिंजवडीलाच आहे असं तिला वाटतंय की काय, याची मला धास्ती होती.

कबूल केलं होतं, ते मात्र खरं. मागच्या दिवाळीत ऑफिसातला कानपूरचा कोणी करंजीला गुजिया म्हणाला. आमचं येडं भांडकुदळ. करंजीला करंजी का म्हणतात, म्हणून तिथूनच आईला फोन. आई म्हणाली, आपल्या विहिरीवरच्या करंजाच्या शेंगेवरून; तश्शीच फुगीर, कडेला चपटी. विहीर बिल्डरनं कधीच बुजवली होती. पठ्ठ्यानं कात्रजच्या बाजूला झाड हुडकलं, शेंगा ऑफिसात नेऊन दाखवल्या, आणि पुढच्या दिवाळीला आईच्या हातच्या करंज्या आणतो, मग बोला, असं सगळ्यांना सांगून बसला.

काकू गेल्या. मी लाट्या लाटत होते, आई सारण भरून कातण्यानं कडा कातत होती. मला तिची कीव येत होती आणि रागही. तो नाही आता, असं तिला गदागदा हलवून सांगावंसं वाटत होतं.

शेवटची लाटी उरली, तिचा मी मोदक वळला. आमच्यात नुसत्या करंज्या तळत नाहीत. करंजीला भाऊ हवा म्हणून घाण्यात एक तरी मोदक सोडतात.

आईनं तो माझ्या हातातून घेतला. हलकेच उकलला, सारण काढून ठेवलं, लाटी पुन्हा लाटली, आणि त्याचीही करंजी केली.

"मला ठावं हाय, श्रद्धा. त्यो न्हाई येत," ती म्हणाली. "त्याचा शब्द तेवढा पाळायचाय. तुलाच अजून पटंना."

रडू फुटलं ते मला.