तळमजल्यावरील बाई चेटकीण असल्याबाबत

कोर्टाबाहेर बसून लोकांचे अर्ज टाइप करून देते मी, बावीस वर्षं. 'चेटकीण' म्हणजे काय ते मला शब्दकोशातून नाही, अर्जांतून कळलं. नवरा गेल्यावर खोली न सोडणारी, ती चेटकीण. दिराला तोंडावर नाही म्हणणारी, तीही. एकीचा गुन्हा तर एवढाच, की ऐंशीव्या वर्षीही ती धडधाकट होती. म्हणून माझा नियम आहे, नुसता शब्द टाइप करणार नाही, काय पाहिलंत ते सांगा. लोक वैतागतात. वैतागू देत.

परवा एक सासू आली, मागे सून. तळमजल्यावरच्या म्हातारीला घरमालकाने काढावं, असा अर्ज हवा होता. मालक खोलीवर टपलेलाच होता, त्याला फक्त एक सही हवी होती. म्हणजे हा कागद गेला की म्हातारी रस्त्यावर.

"लिहा, चेटकीण आहे. माझ्या सुनेवर करणी केलीय."

"म्हणजे काय केलं?"

"कान भरले हिचे. गरीब गाय होती हो. आता उलटून बोलते."

"काय बोलते?"

"काल म्हणाली, आधी जेवते, मग भांडी घासते."

मी हसू कसंबसं गिळलं आणि सुनेकडे वळले. "तुला काय करते गं ती?"

"काही नाही," सून खाली बघत म्हणाली. "दुपारी कपडे वाळत घालायला खाली जाते, तेव्हा विचारते, जेवलीस का. नाही म्हटलं की ताट वाढते."

मी तेच टाइप केलं, कागद काढला आणि वाचून दाखवला. 'सदर बाई माझ्या सुनेस जेवलीस का असे विचारते व नाही म्हटल्यास जेवू घालते, सबब तिला खोलीतून काढावे.'

"करा सही."

सासूने पेन घेतलं. आता ही माझाच उद्धार करणार, असं वाटलं मला. पण तिने पेन तसंच टेबलावर ठेवलं.

"मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही विचारायची ती," सासू म्हणाली. "माझ्या सासूबाईंनी सांगितलं, चेटकीण आहे, तिच्या हातचं खाऊ नकोस. मी उपाशी झोपायचे, पण कधी खाल्लं नाही."