निकामी नळ्या

ताईंनी टाकीच्या झाकणावर दोन्ही तळवे टेकले आणि त्या जागच्या हलल्या नाहीत.

"बाजूला व्हा, ताई," साहेब म्हणाले. "संध्याकाळपर्यंत टाकी रिकामी हवीय. नव्या प्रकल्पाचं सामान येतंय."

"आत अकरा नळ्या आहेत."

"मेलेल्या. माझा रिपोर्ट वर गेलाय."

द्रव नायट्रोजनच्या त्या टाकीत एका नदीतल्या माशाचं वीर्य गोठवून ठेवलं होतं. नदीवर धरण झालं आणि तो मासा तिथून संपला. प्रयोगशाळेच्या हौदात उरलेला शेवटचा नर गेल्या वर्षी म्हातारपणाने गेला. त्याचं पोट टिपून कोरडं करून त्या नळ्या ताईंनीच भरल्या होत्या. मादी मात्र अजून होती आणि आज सकाळीच ती अंड्यांवर आली होती. पुढच्या वर्षी ती असेलच असं कुणी सांगू शकत नव्हतं. साहेबांना हे सगळं ठाऊक होतं, म्हणूनच ताईंचं डोकं जास्त फिरलं होतं.

"तुम्ही तपासलंत तेव्हा मी शेजारीच होते," त्या म्हणाल्या. "काचेवर पाणी घातलंत. मग चष्मा पुसलात. मग फोन घेतलात."

"बरं, मग?"

"पाणी लागलं की हे जीव पळत सुटतात, साहेब. चाळीस सेकंद, बस्स. तुम्ही वाकून बघितलंत तेव्हा सगळा खेळ आटोपला होता."

"आता तुम्ही मला शिकवणार?"

"दुसरं कोण शिकवणार? इथे सगळे तुम्हाला घाबरतात."

साहेबांचे कान लाल झाले. ते काही बोलायच्या आत ताईंनी झाकण उघडलं, चिमट्याने एक नळी काढली, कोमट पाण्यात क्षणभर बुडवली, पुसून कोरडी केली, टोक कापलं आणि बारीकसा थेंब काचेवर ठेवला.

"आधी डोळा लावा. पाणी मी घालते."

एकदाची कटकट मिटावी म्हणून साहेब सूक्ष्मदर्शकावर वाकले. ताईंनी पाणी सोडलं आणि घड्याळाकडे बघत राहिल्या. चाळीस सेकंद झाले. मिनिट झालं, तरी साहेबांची मान वर येईना.

"पळत होते," अखेर ते हळूच म्हणाले. "सगळे नाहीत. पण बरेच."

"बरेच पुरतात."

"अहो, पण रिपोर्टवर सही माझी आहे. आता शब्द फिरवला तर चारचौघांत शोभा होईल माझी."

ताईंना त्यांची अजिबात कीव आली नाही. एवढा एक मासा जगातून पुसला जायला निघाला होता आणि या माणसाला स्वतःच्या नाकाची पडली होती! त्यांनी खणातून टाकाऊ सामानाचा छापील अर्ज काढला आणि उभ्याउभ्याच भरला. वस्तू: नळ्या, नग दहा. अवस्था: निकामी, साहेबांच्या रिपोर्टप्रमाणे. विल्हेवाट कशी लावली, या रकान्यात त्यांनी ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'मादीच्या अंड्यांवर ओतल्या.'

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. बाहेर हौदाचा पंप घरघरत होता. मग त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि बाह्या दुमडायला घेतल्या.

"चला, मीही येतो. पाणी मी घालतो."

"तुम्ही नको," ताईंनी पेन पुढे केलं. "तुम्ही फक्त सही करा."