उजवा अंगठा

झुनिल्दाने नळीला चिमटा लावला, संगणकाची पेटी तिरकी केली आणि आतलं पाणी पांढऱ्या प्लास्टिकच्या टोपात सोडलं. बारीक धार बराच वेळ येत राहिली. पाणी स्वच्छ निघालं. शेवाळ नाही, गाळ नाही, तांब्याची हिरवट छटासुद्धा नाही.

ते गढूळ निघायला हवं होतं. गढूळ निघालं असतं तर चूक पाणी घालणाऱ्याची ठरली असती.

"बघ, म्हटलं नव्हतं?" समोरच्या स्टुलावरून एर्मेलिंदो म्हणाला. "काकुपेच्या माउलीची शपथ, नळाचं पाणी एकदाही घातलेलं नाही. गाडीच्या बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी, पेट्रोल पंपावरून आणलेलं. सासूला नळाचं पाजेन, पण हिला नाही."

"सासूला सांगू का?"

"सांग. तिला माहीत आहे."

एर्मेलिंदो मुलींच्या पंधराव्या वाढदिवसाच्या सोहळ्यांचे व्हिडिओ करत असे. त्याच्या थोरलीच्या बाप्तिस्म्याला झुनिल्दा आणि तिचा नवरा आर्सेनियो धर्माचे आईबाप म्हणून उभे राहिले होते, तेव्हापासून तो तिला कोमाद्रे आणि आर्सेनियोला कोम्पाद्रे म्हणे. गेल्या ऑगस्टमध्ये, इथल्या थंडीत, त्याच्या संगणकातल्या ग्राफिक्स कार्डाला पाण्याने थंड ठेवायची सोय ह्याच टेबलावर झाली होती. पंखे काढून तिथे तांब्याचा ठोकळा, ठोकळ्यात पाणी आणणारी एक नळी, नेणारी एक. सप्टेंबरमध्ये आर्सेनियो गेला. आता जानेवारी होता, इथला भर उन्हाळा, आणि आसुन्सिओनमध्ये सावलीतसुद्धा चाळीस अंश तापत होतं.

"शनिवारी एका पोरीच्या सोहळ्याचा व्हिडिओ द्यायचाय," एर्मेलिंदो म्हणाला. "सगळं नीट चालतं. पोरगी घोड्यावरून येते, केक येतो, आत्या रडते. बाप-लेकीचा वॉल्ट्झ सुरू झाला की पडद्यावर चौकोन. बापाचं तोंड हिरव्या चौकोनात. मग सगळंच बंद."

"बापाचं तोंड आधी कसं होतं?"

"चौकोनात बरं दिसतं, ते सोड."

ती हसली नाही. तिने विनोद केला होता हे तिच्याही उशिराच लक्षात आलं. सप्टेंबरपासून तिचं असंच चाललं होतं. तोंड आपलं काम करी, हात आपलं करीत, आणि ती कुठेतरी मागे बसून असे. जेवण उभ्यानेच होई. मिठाचं भांडं पुढ्यात असूनही अळणी खाल्लं जाई. चार महिने तिला काही वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाही ह्याचंही काही वाटत नव्हतं.

तिने तो संगणक दुकानातल्या चाचणीच्या टेबलावर आधीच चालवून पाहिला होता. कार्डाचा मधला मुख्य चौकोन, जो सगळं काम करतो, तो पन्नास अंशांवर मजेत होता. पाणी आपलं काम चोख करत होतं. पण त्याच्या भोवती बसलेल्या आठ मेमरी चिप्सपैकी काही एकशे आठ अंशांवर गेल्या होत्या. मधला गार आणि भोवतालच्या भाजलेल्या. म्हणजे दोष पाण्यात नव्हता, ठोकळ्याच्या खाली होता. आणि ठोकळ्याखालचं काम आर्सेनियोचं असे.

पाणी, नळ्या, पंप हे झुनिल्दाचं. चिप्सची उष्णता ठोकळ्याकडे नेणाऱ्या मऊ पट्ट्या बसवणं हे त्याचं. एकोणीस वर्षांची वाटणी. त्याने बसवलेलं एकही कार्ड परत आलेलं नव्हतं. बाजारातले इतर दुकानदार गमतीने म्हणत की आर्सेनियोचं काम परत यायला वाट विसरतं. तिच्याजवळ आता त्याचं तेवढं नावच उरलं होतं. कपडे तिने त्याच्या बहिणीला देऊन टाकले होते.

तिने कार्ड बाहेर काढून पालथं केलं. बारा स्क्रू. एकेक काढून चुंबकाच्या वाटीत टाकला.

एर्मेलिंदोने थर्मासमधलं बर्फाचं पाणी शिंगाच्या पेल्यात, तेरेरे ह्या गार पेयाच्या पाल्यावर ओतलं आणि धातूच्या नळीने ओढून स्वतः प्यायला. पुन्हा भरला. सवयीने तिच्याकडे हात लांबवला.

"ग्रासियास," ती म्हणाली.

ज्याला पुरे झालं, त्याने पेला परत देताना म्हणायचा तो आभाराचा शब्द. एक घोटही न घेता तो कोणी म्हणत नाही. झुनिल्दा मात्र सप्टेंबरपासून सगळ्यांना आधीच म्हणत होती. एर्मेलिंदोने हात मागे घेतला आणि तिच्या वाटचा पेला आपणच संपवला.

ठोकळा जरा हलवल्यावर सुटला. मधल्या चौकोनावर राखाडी लेप नीट पसरलेला होता. भोवती आठ पट्ट्या, कडा सरळ कापलेल्या, एकही तिरकी नाही. आर्सेनियोचंच काम. तिने दिवा जवळ ओढला. काही दिसलं नाही. तेव्हा तिने डोळे मिटले आणि उजवा अंगठा पहिल्या पट्टीवरून फिरवला, आर्सेनियो फिरवत असे तसा.

पहिली मऊ, किंचित चिकट. दुसरी तशीच. तिसरी तशीच.

चौथीवरून अंगठा घसरला.

पट्ट्या दोन्ही बाजूंना पातळ पारदर्शक फिल्म लावून येतात. खालची काढून पट्टी चिकटवायची, मग वरची काढायची आणि ठोकळा बसवायचा. वरची राहिली तर पट्टी ठोकळ्याला टेकलेली असते, सगळं जागच्या जागी दिसतं, फक्त उष्णता हवी तशी पलीकडे जात नाही. थंडीत ते झाकून जातं. नवशिक्यांची चूक. आर्सेनियो कामाला आलेल्या प्रत्येकाला सांगे, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, अंगठा फिरवा, अंगठ्याला कळतं.

पाचवी. सहावी. सातवी. आठवी. पाच पट्ट्यांवर फिल्म तशीच होती. चौथीच्या कोपऱ्यावर नखाचे ओरखडे होते, तीन-चार, एकाशेजारी एक.

तो नखाने काढू पाहत होता आणि निघाली की नाही हे त्याला कळत नव्हतं.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, उजव्या हाताला मुंग्या, बधिरपणा, असं काही म्हणाले होते का? मेंदूत रक्ताची गुठळी अडकायच्या आधी कधीकधी महिनाभर हात सांगत असतो. झुनिल्दाने नाही म्हणून सांगितलं होतं. ठामपणे. एकोणीस वर्षं त्याच्याबरोबर एका टेबलाशी बसते, मला कळलं नसतं का? बाईंनी मान हलवली आणि पुढे काही लिहिलं नाही.

आणि तो ऑगस्ट तिला आठवला. बाहेर गार वारा, दार लोटलेलं. आर्सेनियोने ठोकळा कार्डावर ठेवला आणि सगळं तसंच तिच्याकडे सरकवलं.

"स्क्रू तू आवळ," तो म्हणाला होता. "चष्म्याचा नंबर वाढलाय."

"म्हातारा झालास."

"तुझ्याबरोबर राहून दुसरं काय होणार!"

ते दोघं हसले होते. त्याचा उजवा हात स्वेटरच्या खिशात होता. तिने तो पाहिला होता. थंडी म्हणून घातला असेल, असं मनात येऊनही गेलं होतं. मग तिने बारा स्क्रू आवळले, समोरासमोरचे एकाआड एक, रीतीप्रमाणे, आणि काम छान झालं म्हणून त्याच्या टकलावर टपली मारली होती.

ती खुर्चीत मागे टेकली. छातीत काहीतरी फार जोरात दुखलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच दुखलं, आणि इतकं की तिने टेबलाची कड धरली.

एर्मेलिंदोला तिच्या कामातलं काही कळत नसे, पण चेहरे वाचणं हा त्याचा धंदाच होता. तो स्टुलावरून उठला, टेबलापाशी येऊन उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला,

"कोमाद्रे, मीच हे नंतर उघडलं असेल गं. पावसाळी रात्री, दोन बिअर पोटात गेल्यावर. कोणी विचारलं तर तसंच सांगू. कोम्पाद्रेचं नाव कशाला मध्ये?"

खोटं सोपं होतं आणि त्याने ते तिच्या हातात आणून ठेवलं होतं. तिने त्याच्याकडे बघितलं.

"तू उघडलेलं नाहीस," ती म्हणाली. "त्याचा हात चालत नव्हता, एर्मेलिंदो. आणि स्क्रू मी आवळले."

रस्त्यावरून चीजचे चिपा-पाव विकणारी बाई ओरडत गेली.

झुनिल्दाने पाचही फिल्म नखाने काढल्या. सहज निघाल्या. त्या तिने टेबलाच्या कडेला ओळीने चिकटवून ठेवल्या. मग जुन्या पट्ट्या खरवडल्या, नव्या कापल्या, आठही बसवल्या, आणि प्रत्येकीवरून अंगठा फिरवला. एकदा, आणि मग पुन्हा एकदा. शेवटच्या पट्टीवर तो जरा जास्त वेळ थांबला. तोवर तिचा चेहरा ओला झाला होता. तिने मनगटाने पुसला, कार्डावर थेंब पडू नये म्हणून मान वळवून.

ठोकळा बसला. बारा स्क्रू. नळ्या जोडल्या. तिने चिमटा काढला आणि पंप चालू केला. टाकीत शुद्ध पाणी ओतत गेली तसे बुडबुडे पुढे पळाले आणि विरले.

"शनिवारी बाप नाचेल," ती म्हणाली.

"नाचेल कसला. लेकीच्या पायावर पाय देईल."

एर्मेलिंदोने पेला भरला. हात लांबवला आणि आठवण होऊन अर्ध्यातच थांबवला.

तिने तो घेतला. नळी तोंडात धरून ओढली. कडू आणि बर्फाळ घोट दातांना झोंबत खाली गेला, कपाळात कळ आली. तळाशी खरखर होईपर्यंत ती पीत राहिली. मग पेला त्याच्याकडे परत केला, आणि काही म्हणाली नाही.

एर्मेलिंदोने क्षणभर वाट पाहिली. मग थर्मास तिरका केला आणि तिच्यासाठी पुन्हा भरला.